कुजण्याचा हक्क

हॅनोव्हरमध्ये जन्मलेला, स्वित्झर्लंडमध्ये वाढलेला आणि पुढे आइसलँडमध्ये संसार थाटलेला डीटर रोट (१९३०–१९९८) सुरुवातीला काटेकोर भौमितिक रचना करत असे. १९६०च्या सुमारास त्याने ती शिस्त सोडली आणि त्या दशकात चॉकलेट, चीज, दही, सॉसेज हेच त्याचे रंग झाले. सडकं अन्न मांडून खळबळ उडवणारा, ही त्याची तेव्हाची ओळख अजून पुसलेली नाही. चार दशकांचं काम सलग पाहिलं तर ती फार तोकडी वाटते. माणसाचा साठवण्याचा हव्यास आणि निसर्गाची सगळं मोडून टाकण्याची रीत यांतली ओढाताण त्याने आयुष्यभर रंगवली.

१९६८चं ‘छोटा सूर्यास्त’ पाहा. कागदावर सॉसेजची एक चकती, वर प्लास्टिकचं आवरण, बस. चकती म्हणजे सूर्य. हळूहळू चरबी पाझरली, कागदात मुरली आणि सूर्याभोवती तेलकट वलय पसरलं. आकाश रंगवायला ब्रश लागलाच नाही. त्याच काळातल्या ‘बेट’ मालिकेत त्याने फळ्यांवर खाद्यपदार्थ रचले आणि त्यांचा भूभाग घडवण्याचं काम बुरशीवर सोपवलं. निसर्गचित्रकार निसर्ग दाखवतो. रोटने त्यालाच कामाला लावलं. १९७० साली लॉस एंजेलिसच्या एका गॅलरीत त्याने चीजने भरलेल्या ३७ सुटकेसी मांडल्या, तेव्हा माश्या आणि अळ्याही त्या कामात सामील झाल्या.

ताटात घास टाकणंही पाप मानणाऱ्या आपल्यासारख्यांना हे खुपणारच, आणि सुटकेसींपुरता तो आक्षेप मला रास्त वाटतो: एका चकतीत जे साधलं त्यासाठी इतक्या चीजची गरज नव्हती. पण रोट तिथे थांबला नाही. १९७०च्या दशकाच्या मध्यावर तो रोजचा चपटा कचरा, म्हणजे वेष्टणं, पाकिटं, तिकिटं असं सगळं, प्लास्टिकच्या खिशांत घालून फायलींत लावू लागला. अशा सहाशेहून अधिक फायली झाल्या. चीज निदान मातीत मिसळतं. फायलींतला ढीग तसाच राहतो, आणि अतिरेकाचा खरा पुरावा मला तिथेच दिसतो. दुसरा आक्षेप संग्रहालयांचा: नासून जाणारं चित्र जपायचं कसं? हॅम्बुर्गचं त्याचं बुरशी-संग्रहालय तर २००४ साली इमारतीसकट पाडलं गेलं. संग्रहालयांची काळजी प्रामाणिक आहे, तरी वलय पसरणं म्हणजेच चित्र असेल तर ते थोपवल्यावर हाती उरतो एक डाग. ठरावीक काळाने तारखेसह छायाचित्रं काढावीत, ती शेजारी लावावीत आणि चकतीला तिच्या गतीने जाऊ द्यावं. रोटचं काम जपण्याचा याहून प्रामाणिक मार्ग मला तरी दिसत नाही.