गीज बेंड : नदीच्या वळणातले पेटवे

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात, विल्कॉक्स काउंटीत, अलाबामा नदी एके ठिकाणी इतके मोठे वळण घेते की आतली जमीन तीन बाजूंनी पाण्याने वेढली जाते. या वळणातले गाव म्हणजे गीज बेंड. काउंटीचे मुख्य ठिकाण कॅम्डेन पैलतीराच्या बाजूला आहे. बोटीने नदी ओलांडायला काही मिनिटे पुरतात. रस्त्याने जायचे तर सुमारे ४० मैलांचा वळसा पडतो. हा वळसा गावाला पुढे फार महाग पडला.

१८१६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातून आलेल्या जोसेफ गी याने गुलामांच्या श्रमावर येथे कापसाचा मळा उभारला. १८४५ मध्ये कर्जफेडीपोटी हा मळा मार्क पेटवे या नातलगाच्या हाती गेला. पेटवे कुटुंब गाड्यांतून आले. त्यांचे सुमारे शंभर गुलाम नॉर्थ कॅरोलायनापासून पायी चालत आले. गुलामांना मालकाचेच आडनाव लागे. १८६५ नंतर ही माणसे स्वतंत्र झाली, पण जमीन नसल्यामुळे त्याच मळ्यावर बटाईने राबत राहिली आणि आडनावही तेच राहिले. मूळ मालकांनी १८९५ मध्ये जमीन विकली. पेटवे हे नाव उरले ते चालत आलेल्यांच्या वंशजांकडे. एकाच आडनावाच्या या घरांत रक्ताचे नाते असतेच असे नाही. बेंडॉल्फ, मॉस्ली, मिंगो, यंग ही घराणीही गावात आहेत.

बटाईदाराचे वर्ष उधारीवर चाले. बी, खत, किराणा कॅम्डेनच्या व्यापाऱ्याकडून घ्यायचा आणि कापूस निघाल्यावर फेडायचा. १९२९ नंतर कापसाचे भाव कोसळले आणि खात्यावरची बाकी वाढत गेली. त्यातच व्यापारी वारला. १९३२ मध्ये त्याच्या विधवेने वसुली काढली. सुमारे साठ कुटुंबांच्या घरांतून औते, खेचरे, गाई, कोंबड्या, साठवलेला मका असे होते नव्हते ते सगळे गेले. त्या हिवाळ्यात रेड क्रॉसच्या शिध्यावर गाव तगले.

१९३७ मध्ये आर्थर रॉथस्टाइन यांनी सरकारसाठी येथे छायाचित्रे काढली. वारा अडवायला वर्तमानपत्रे चिकटवलेल्या ओंडक्यांच्या भिंती त्यांत दिसतात. याच काळात केंद्र सरकारने सुमारे १०,००० एकर जमीन विकत घेतली, घरे बांधली आणि पुढे हलक्या व्याजाच्या कर्जावर ती कुळांच्या नावे केली. या गावाच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना हीच म्हणावी लागेल, आणि तिचे मोल मतदानाच्या हक्काच्या लढ्यात कळले. १९६५ च्या आरंभी विल्कॉक्स काउंटीत कृष्णवर्णीयांची बहुसंख्या होती, पण मतदारयादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते. नोंदणीसाठी पुढे आलेल्या कुळांना काउंटीत इतरत्र जमीनमालक हुसकावून लावत. गीज बेंडच्या माणसाला त्याच्या स्वतःच्या घरातून कोण काढणार? पण काउंटीच्या हाती नदी होती. १९६२ मध्ये, लोक नोंदणीसाठी कॅम्डेनला जाऊ लागले त्याच सुमारास, फेरीबोट बंद झाली. फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग गावात येऊन बोलले, तेव्हाही ती बंदच होती.

जगाला हे गाव माहीत झाले ते गोधड्यांमुळे. मराठी घरातल्या वाकळीसारखीच ही थंडीची गरज होती: जुने कपडे, पिठाची पोती, आत सरकी काढलेला कापूस, वरून धावदोरा. वारलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांतून मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये गोधडी केली. त्याची आठवण अंगावर पांघरता यावी म्हणून. मुलगी आर्लोन्झिया मदतीला होती. अशा गोधडीत पँटचा पाय सरळ पट्टी म्हणून लागतो. गुडघ्याशी कापड विटलेले असते आणि खिसा उसवला तिथे मूळचा गडद निळा चौकोन शिल्लक असतो. चौकोनात चौकोन बसवत जाणाऱ्या मांडणीला येथे ‘हाउसटॉप’, म्हणजे घराचे छप्पर म्हणतात. मात्र कागदावरचा नमुना समोर ठेवून शिवण्यापेक्षा आपल्या मनाने मांडणी बदलण्याला बायका अधिक मान देतात. कडा वाकडी जाते, रंग मध्येच पालटतो आणि तिथेच त्या गोधडीत जीव येतो.

१९६६ मध्ये फादर फ्रान्सिस वॉल्टर यांच्या पुढाकाराने परिसरातल्या बायकांची ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभी राहिली. सीअर्स कंपनीसाठी उशांच्या कॉर्डरॉय खोळी शिवण्याचे काम संस्थेला मिळाले. उरलेले तुकडे घरोघरी गेले आणि १९७० च्या दशकातल्या गोधड्यांत कॉर्डरॉयचे जाड उभार दिसू लागले. संग्राहक विल्यम आर्नेट यांनी जमवलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतींवर लागल्या. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटे निघाली. मेरी ली बेंडॉल्फ, लूसी मिंगो आणि लोरेटा पेटवे यांना २०१५ मध्ये राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला.

फेरीबोट २००६ मध्ये, ४४ वर्षांनी, पुन्हा सुरू झाली. २०१९ पासून ती विजेवर चालते.