बांधाचा वारस कोण?

पेण-अलिबागच्या खाडीकाठी भाताची खाचरे उधाणाच्या पाण्याहून खालच्या पातळीवर आहेत. समुद्र आणि पीक यांच्यामध्ये उभा असतो तो मातीचा बाहेरकाठा. त्यातल्या उघाडीतून पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर पडते आणि भरती आली की झडप खारे पाणी अडवते. हा काठा पिढ्यान्‌पिढ्या ‘जोळ’ राखत आली. बांधाआड ज्यांची जमीन, त्यांची ती संघटना. खांड पडली की घरटी माणूस निघायचा. तिची नोंदणी नव्हती, बँकेत खाते नव्हते, लेखापरीक्षण तर नव्हतेच. सरकारी कसोटी लावली तर ती संस्थाच ठरत नाही, आणि तरी बांध तिच्यामुळे उभा होता. निष्क्रिय संस्था मोडीत कशा काढाव्यात, याचा खल सगळीकडे चालतो. बांध राखणाऱ्या संस्थांपुरता तो उलट्या टोकाने सुरू होतो, असे माझे म्हणणे आहे. संस्था जिवंत की मृत हे नंतर पाहावे. तिच्यामागे बांध कोणाच्या गळ्यात पडणार, हे आधी ठरावे.

रूढ पद्धत कागदावरून चालते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मध्ये कामकाज थांबलेली संस्था अवसायनात काढण्याची तरतूद आहे. अवसायक नेमला जातो, देणी-घेणी भागवली जातात आणि नोंदणी रद्द होते. 2015 मध्ये सहकार खात्याने राज्यभर सर्वेक्षण करून बंद पडलेल्या संस्था निवडून काढल्या. पतसंस्था किंवा ग्राहक भांडार यांच्यासाठी ते योग्यच होते. कॅलिफोर्नियाने 2017 च्या कायद्याने हेच ‘विशेष जिल्ह्यांना’, म्हणजे एकेका कामापुरत्या स्थानिक संस्थांना, लागू केले. ज्याचे वर्षभरात आर्थिक व्यवहार नाहीत, मालमत्ता नाही, देणे नाही, दावा नाही, तो निष्क्रिय. राज्याच्या लेखा नियंत्रकाने यादी काढायची आणि स्थानिक आयोगाने विसर्जनाची कारवाई करायची. व्याख्या नेटकी आहे. पण जिच्याकडे बांध आहे त्या संस्थेकडे मालमत्ता नाही असे म्हणता येत नाही, आणि बांधाची जबाबदारी ताळेबंदात देणे म्हणून दिसत नाही.

गोव्यात या कसोटीचे पितळ उघडे पडते. तिथली सुमारे 18,000 हेक्टर खाजन जमीन बांध आणि मानशींच्या (उघाडीसारख्या झडपांच्या) आधाराने शेतीखाली आली. त्यांची देखभाल आधी गावकरी, म्हणजे कोमुनिदाद, करीत असत. 1964 च्या कूळ कायद्यानंतर जमीन कसणाऱ्यांवर ती संयुक्त जबाबदारी आली आणि 1975 च्या नियमांनी मामलेदाराच्या देखरेखीखाली कूळ संघटना उभ्या राहिल्या. त्यांचे मुख्य उत्पन्न मानशीतल्या मासेमारीच्या लिलावाचे. भाताला भाव नाही आणि कोळंबीला आहे, तेव्हा काय होते ते वेगळे सांगायला नको. मानस हवी तेव्हा उघडी ठेवून खारे पाणी आत घेतले जाते, अशा शेतकऱ्यांच्या तक्रारी जुन्या आहेत. बांधाला हात न लावता दरवर्षी लिलाव करणारी संघटना व्यवहाराच्या कसोटीवर सक्रिय ठरते. पैशाशिवाय, अंगमेहनतीने चिखल लिंपणारी जोळ मृत ठरते. कागदावरची निष्क्रियता आणि बांधावरची निष्क्रियता यांचा मेळ नाही.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे: मरू घातलेल्या संघटनांचे लचांड हवे कशाला, सरकारनेच बांध घ्यावेत. कोकणाने हे करून पाहिले आहे. 1948 च्या खारभूमी कायद्याने मंडळ आले, 1979 च्या कायद्याने तो जुना कायदा गेला आणि योजनांचा बांधकाम-देखभालीचा भार शासनाने उचलला. खर्चाच्या दृष्टीने ते न्याय्यच होते, कारण कुळाचा मालक झालेल्या लहान शेतकऱ्याला उघाडी नव्याने बांधणे झेपणारे नव्हते. पण त्याबरोबर गावाचा सकाळी उठून काठा पाहण्याचा अधिकार आणि सवय दोन्ही सुटली. लहान खांड टोपलीभर मातीत बुजते. अर्ज, अंदाजपत्रक आणि निविदा होईपर्यंत दिवसातून दोनदा येणारी भरती तिचा ओढा करते. शासनाच्या यादीत नसलेल्या खाजगी योजनांची तर दुहेरी पंचाईत आहे: जोळ विरली, आणि वारस म्हणून सरकारी खातेही पुढे येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. छोट्या संस्था तगत नाहीत, मग एकत्रीकरण अटळ नाही का? नेदरलँड्समध्ये 1950 च्या सुमारास सुमारे 2,600 जलमंडळे होती, आज 21 आहेत. 1953 च्या महापुरात तिथे 1,836 माणसे दगावली आणि विलीनीकरणाला वेग आला. मात्र तिथे प्रत्येक बांध, कर आणि मतदार यांसह नव्या मंडळाकडे गेला. अमेरिकेतल्या लुईझियानात कतरिना चक्रीवादळानंतर, 2006 मध्ये, न्यू ऑर्लिन्स परिसरातली बांध-मंडळे दोन प्रादेशिक प्राधिकरणांत आली. त्यातल्या एका जुन्या मंडळाकडे विमानतळ आणि बोटींचे धक्केही होते. ती मिळकत पूरसंरक्षणापासून वेगळी काढली गेली. गोव्यात मात्र ही नक्कल उपयोगी नाही, कारण मानस हा बांधाचाच भाग आहे. लिलाव पंचायतीकडे आणि दुरुस्ती कृषी खात्याकडे अशी वाटणी झाली तर झडपेवर नेमका तो बसेल ज्याला ती उघडी हवी आहे.

सगळेच बांध राखावेत, असा माझा हट्ट नाही. रायगडात कित्येक ठिकाणी काठा फुटून खारे पाणी आत आले आणि जमिनीवर खारफुटी उभी राहिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 आणि 2018 च्या आदेशांनंतर ती तोडून पुन्हा भात लावणे जवळपास अशक्य आहे. अशा ठिकाणी जुनी योजना बंद करण्यात वावगे काही नाही. फक्त ती बंद झाली असे सातबारा उतारा असलेल्या माणसाला लेखी कळले पाहिजे, कारण त्याची जमीन अजून शेतजमीन म्हणून नोंदलेली असते. आणि बाहेरच्या काठ्यामागे शेते नसली तरी विहिरी आणि घरे असतात. योजना रद्द करताना फक्त भाताचे क्षेत्र मोजले, तर खारे होणारे विहिरीचे पाणी हिशेबात येत नाही.