लंडनचे वार्तापत्र : विकता न येणारी जमीन

लोकांसाठी जमिनी राखणारा ब्रिटनमधला नॅशनल ट्रस्ट हे सरकारी खाते नाही. सभासदांची वर्गणी, देणग्या आणि मृत्युपत्रांतून आलेली मालमत्ता यांवर तो चालतो. सभासद पन्नास लाखांहून अधिक. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळून जमीन अडीच लाख हेक्टरांच्या आसपास. (स्कॉटलंडचा ट्रस्ट वेगळा, १९३१ मधला.) नवल मात्र या आकड्यांचे नाही. यातली बरीचशी जमीन खुद्द मालकालाच, म्हणजे ट्रस्टला, विकता येत नाही.

ट्रस्ट जन्मला त्यामागची मूळ अडचण साधी होती. लंडनच्या डेप्टफर्ड भागातली सेज कोर्टची बाग १८८०च्या दशकात मालकाला लोकांसाठी देऊन टाकायची होती. पण ती कायमची सांभाळेल अशी संस्थाच नव्हती. देणारा होता, घेणारा नव्हता. गरिबांच्या घरांसाठी झटणाऱ्या ऑक्टेव्हिया हिल यांनी हा पेच रॉबर्ट हंटर यांच्यापुढे ठेवला. गावोगावची गायराने जमीनदारांच्या कुंपणात जाऊ नयेत म्हणून हंटर यांनी वकिली पणाला लावली होती. हिल यांनी पत्रातून नाव सुचवले, ‘कॉमन्स अँड गार्डन्स ट्रस्ट’; हंटर यांनी त्याच पत्रावर पेन्सिलीने लिहिले, ‘नॅशनल ट्रस्ट’. लेक डिस्ट्रिक्ट या इंग्लंडच्या डोंगराळ भागातले पाद्री हार्डविक रॉन्स्ली यांच्यासह या दोघांनी १८९५ मध्ये संस्था स्थापली. पहिली जमीन मिळाली ती वेल्समध्ये, समुद्रावर झुकलेल्या टेकडीची साडेचार एकर.

१९०७ च्या कायद्याने ट्रस्टला आपली जमीन ‘अहस्तांतरणीय’ जाहीर करण्याचा अधिकार दिला. अशी जमीन विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. सरकारला सक्तीने घ्यायची असली आणि ट्रस्टने हरकत घेतली, तर प्रकरण पार्लमेंटपुढे न्यावे लागते. ही भिंत अभेद्य नाही. प्लिमथजवळच्या सॉल्ट्रमच्या उद्यानातून रस्ता न्यायला ट्रस्टने विरोध केला, पण तो हरला आणि रस्ता झाला.

नाव जवळचे असले, तरी इथले ‘नॅशनल पार्क’ ही ट्रस्टहून निराळी गोष्ट. ताडोबा डोळ्यांपुढे ठेवून येणारा मराठी पाहुणा चकित होतो, कारण आत गावे, शेते, पबसुद्धा असतात आणि बहुतेक जमीन खासगी असते. १९४९ च्या कायद्यानंतर पहिले पार्क १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्टमध्ये झाले. तिथल्या किंडर स्काउटच्या पठारावर १९३२ मध्ये कामगार तरुण मालकाची मनाई मोडून चढले होते, त्यापायी काही जण तुरुंगातही गेले. तेच पठार १९८२ मध्ये ट्रस्टने घेतले.

जमीन हाती आली म्हणजे राखली गेली असे नाही. केंब्रिजजवळच्या विकन फेन या दलदलीचे पहिले दोन एकर ट्रस्टने १८९९ मध्ये घेतले. भोवतालची दलदल शेतीसाठी निचरा करून कोरडी केलेली होती. पाणी गेले की पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची माती, आक्रसते आणि खचते; त्यामुळे आजूबाजूची शेते खाली गेली आणि राखलेली दलदल बेटासारखी उंच उरली. तिच्यात पाणी टिकवणे हाच रोजचा खटाटोप. हात न लावणेही परवडत नाही: पूर्वी घरे शाकारण्यासाठी इथले गवत कापत, ते थांबले की झुडपे माजतात, आणि कीटकांचा व पाणवनस्पतींचा अधिवास जातो. म्हणून कापणी आजही चालते. १९९९ मध्ये ट्रस्टने भोवतालची शेते मिळतील तशी घेऊन शंभर वर्षांत दलदल विस्तारण्याची योजना आखली. सरकारांच्या पंचवार्षिक सवयींपुढे ही मुदत विचित्रच वाटते.

लेक डिस्ट्रिक्टचा पेच अधिक अवघड. ‘पीटर रॅबिट’च्या लेखिका बिट्रिक्स पॉटर १९४३ मध्ये वारल्या तेव्हा त्यांनी चार हजारांवर एकर जमीन ट्रस्टसाठी ठेवली; आपल्या डोंगरावर हर्डविक जातीच्या मेंढ्यांचे कळप राहावेत, ही त्यांची इच्छा होती. त्याच मेंढ्या रोपटी खातात आणि उतार बोडके राहतात. त्यामुळे काही ठिकाणी ट्रस्ट चराई कमी करतो, झाडे लावतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळी करणाऱ्या कुळांची नाराजी ओढवून घेतो.