रेघांची साक्ष

आउश्वित्झच्या छळछावणीत कैद्यांचा एक ऑर्केस्ट्रा होता. कैदी कामाला निघाले की फाटकापाशी तो वाजत असे. हे कागदोपत्री नोंदलेलं आहे. आर्ट स्पीगेलमन यांच्या ‘माउस’ या ग्राफिक कादंबरीच्या दुसऱ्या भागात मुलगा त्या छावणीतून वाचलेल्या आपल्या बापाला याबद्दल विचारतो, तेव्हा बाप साफ नाकारतो. त्याला फक्त चालणं आठवतं, वाजवणारे कोणी आठवतच नाहीत. इतिहासकाराला इथे तळटीप द्यावी लागली असती, कादंबरीकाराला कुणाची तरी बाजू घ्यावी लागली असती. स्पीगेलमन आधीच्या चौकटीत वादक स्पष्ट काढतात. नंतरच्या चौकटीत कैद्यांच्या रांगा त्यांच्यासमोरून अशा सरकतात, की वादक झाकले जातात आणि मागून वाद्यांची टोकं तेवढी डोकावत राहतात. बापाची आठवण खोडलेली नाही आणि कागदपत्रंही फेटाळलेली नाहीत. दोघांतली तफावत वाचकाच्या डोळ्यांसमोर तशीच ठेवलेली आहे, आणि तीही एका वाक्याचं स्पष्टीकरण न देता.

वर्षभराच्या वाचनातली जी चित्रपुस्तकं मनात टिकून राहिली, त्यांत नरसंहार, युद्ध, निर्वासन आणि जात यांवरचीच जास्त निघावीत, हा निव्वळ योगायोग वाटत नाही. या माध्यमाचा साक्षीशी आतून संबंध आहे. छायाचित्र ‘हे असंच घडलं’ असा दावा करतं. कॅमेऱ्यामागचा माणूस आपण सहज विसरतो. काढलेल्या चित्रात ही सोय नाही. रेघ जाड की बारीक, हात थरथरला की ठाम राहिला, काय काढलं आणि काय गाळलं, हे सगळं पानावर उघड असतं. ‘मी पाहिलं, मला आठवतं, म्हणून मी असं काढलं’ एवढंच ते म्हणतं. साक्षीदारसुद्धा याहून जास्त काही सांगू शकत नसतो. ‘माउस’चा दुसरा भाग १९९१ साली आला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो खपाच्या यादीत काल्पनिक साहित्यात टाकला. स्पीगेलमन यांनी पत्र लिहून हरकत घेतल्यावर तो तिथून काढून वास्तवपर पुस्तकांत नेण्यात आला. पुढच्याच वर्षी पुलित्झरचं विशेष पारितोषिक मिळालं. ज्यात यहुदी उंदीर आहेत आणि जर्मन मांजरं, ते पुस्तक ‘वास्तव’ कसं, हा गोंधळ समजण्यासारखा आहे. पण त्याचं उत्तर पुस्तकातच आहे. त्याच भागात लेखकाने स्वतःला चित्राच्या टेबलाशी बसलेलं दाखवलं आहे. चेहऱ्यावर उंदराचा मुखवटा आहे आणि तो दोरीने बांधलेला आहे. दोरी लपवलेली नाही.

मर्जान सत्रापी यांच्या ‘पर्सेपोलिस’मध्ये हीच गोष्ट वेगळ्या वाटेने होते. इराणमधली क्रांती, मग इराकशी युद्ध आणि त्यात वाढणारी एक मुलगी, अशी ही आत्मकथा २००० ते २००३ या काळात फ्रेंचमध्ये चार भागांत निघाली. चित्रं सपाट काळी-पांढरी, जवळजवळ बाळबोध. तेहरानमध्ये शेजारच्या घरावर क्षेपणास्त्र पडतं, ढिगाऱ्यात मैत्रिणीचं कंकण दिसतं. मुलगी चेहरा हातांनी झाकते आणि त्यापुढची चौकट नुसती काळी आहे. गद्यात ‘शब्द सुचत नाहीत’ असं शब्दांतच म्हणावं लागतं. इथे पानाची एक ठरावीक जागा रिकामी जाते, आणि तिच्यावरून नजर पुढे सरकायला लागणारा वेळ वाचकाचा असतो. जो सॅको यांची पद्धत याच्या उलट, खच्चून भरलेली. गाझा पट्टीतल्या खान युनूस आणि रफा इथे नोव्हेंबर १९५६ मध्ये झालेल्या हत्यांवर त्यांनी ‘फूटनोट्स इन गाझा’ केलं, ते म्हाताऱ्या साक्षीदारांना घरोघरी जाऊन विचारत. साक्षी जुळत नाहीत. कोण कुठे उभा होता, कोण कुणादेखत मारला गेला, याबद्दल माणसं वेगवेगळं सांगतात. वार्ताहर सहसा त्यातून एक सलग बातमी विणतो. सॅको विसंगती तशाच काढतात आणि शिवाय प्रत्येक पुस्तकात स्वतःलाही काढतात, गोल चष्म्याच्या मागे डोळेच नसलेला एक बावळट पाहुणा म्हणून. ही निव्वळ विनयाची खूण असती तर तिचा लवकरच कंटाळा आला असता. पण त्या पाहुण्यामुळे प्रत्येक साक्ष कुणापुढे दिली गेली हे वाचकाला विसरता येत नाही.

यावर एक जोरदार आक्षेप आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही. रेघ इतकी प्रामाणिक असेल तर विषारी प्रचारचित्रं कुठून आली? यहुद्यांना किडामुंगीसारखं चितारण्याचं काम नाझी वृत्तपत्रांतल्या व्यंगचित्रकारांनीच केलं होतं. ‘माउस’वरही असाच रोष आला. त्यात पोलिश माणसं डुकरांच्या रूपात आहेत. पोलिश आवृत्ती २००१ मध्ये निघाली, तेव्हा तिथे पुस्तक जाळलं गेलं. दुखावलेल्यांचं सगळंच म्हणणं चूक होतं असं मला वाटत नाही. प्राण्यांचं रूपक माणसांना जातकुळीत कोंबतंच, आणि त्याची किंमत हे पुस्तक मोजतं. फरक इतकाच, की प्रचारचित्राला आपली दोरी लपवावी लागते. रेघ आपोआप खरी होत नाही; ती खरेपणाला बांधली जाते ती स्वतःचं कृत्रिमपण उघडं ठेवल्यावरच.

भारतीय उदाहरण घ्यायचं तर डॉ. आंबेडकरांवरचं ‘भीमायन’ याला सगळ्यात जवळचं. २०११ साली ‘नवयान’ने ते मूळ इंग्रजीत काढलं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार दांपत्याची. १९०१ मध्ये लहानगा भीम आणि भावंडं वडिलांना भेटायला मसूर स्टेशनवर उतरतात, जात कळल्यावर दुप्पट भाडं घेऊनही गाडीवान गाडीत बसत नाही, तहानलेल्या पोरांना वाटेत कुणी पाणी देत नाही. मराठी वाचकाला हे ठाऊक आहे, म्हणूनच इथे ‘काय’पेक्षा ‘कसं’ जास्त दिसतं. व्याम दांपत्याने माणसांना चौकटीत बसवायला नकार दिला; चौकटीत ती गुदमरतात, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी भिंतीवर काढतात त्या दिग्न्यांच्या नक्षीने पानं विभागली. सौम्य बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतं आणि हिणवणारं बोलणं ज्या फुग्यात येतं त्याला विंचवाची नांगी असते. ‘अमर चित्र कथा’नेही आंबेडकरांवर अंक काढला होता. १९६७ पासून त्या मालिकेने दोन पिढ्यांना पुराण-इतिहास दिला हे तिचं श्रेय मोठंच; पण तिच्या शैलीत चित्रकार अदृश्य असतो आणि प्रसंग जणू असाच घडला अशा खात्रीने समोर येतो. ‘भीमायन’मधली नांगी कुणी पाहिलेली नाही. ती लागलेल्याला मात्र ती तशीच वाटली असणार.

चित्रं आली की वाचन सोपं होतं, ही तक्रार जुनी आहे, आणि ‘इंद्रजाल’च्या वेताळावर वाढलेले पालकच ती जास्त करतात! सोपं होतं, पण वेगळ्या अर्थाने: पान पटकन उलटता येतं. दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेत काय घडलं ते मात्र वाचकालाच भरावं लागतं. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये हीच जागा या कलेचं मर्म मानली. पिंगुळीच्या चित्रकथीशी याचं नातं जोडायचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. तिथे चित्र दाखवणारा ठाकर कलावंत गाऊन, वाजवून मधली जागा भरतो, वेगही तोच ठरवतो. इथे ते काम एकट्या वाचकावर येतं, आणि म्हणूनच चित्रं लागतातही जास्त. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका जिल्ह्याच्या शाळा मंडळाने ‘माउस’ आठवीच्या अभ्यासक्रमातून काढलं, काही शिव्या आणि एका नग्न चित्राचं कारण देऊन. जे सोपं आणि पोरकट आहे त्याची इतकी धास्ती कुणी घेत नाही.

प्रत्येक चित्रपुस्तकाला हे साधतं असं मात्र नाही. जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’वर आधारलेलं ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ ‘नवयान’चंच आणि २०११ चंच. मजकूर नटराजन यांचा, चित्रं अपराजिता निनान यांची. मूळ पुस्तक १८७३ चं. जोतीराव आणि धोंडिबा यांचा संवाद असल्याने फुग्यांसाठी जणू आधीच तयार. अमेरिकेतली गुलामी आणि इथली जात शेजारी ठेवण्याची कल्पना फुल्यांच्या अर्पणपत्रिकेतूनच आलेली. तरीही हे पुस्तक बऱ्याच ठिकाणी कमी पडतं, कारण वाक्य जे म्हणतं तेच चित्र पुन्हा ठासून सांगतं. झाकलेले वादक किंवा काळी चौकट यांसारखं, वाचकाने स्वतः भरायचं असं त्यात फार थोडं आहे. फुल्यांची धार संवादात होती. धोंडिबा शंका काढतो आणि जोतीरावांना ती फेडावी लागते. त्या शंकांना स्वतंत्र चौकटी मिळाल्या असत्या, तर धोंडिबा नुसता होकार भरणारा श्रोता राहिला नसता.