बिबी आणि तिची मुलं

१७८० ते १७८५ या वर्षांत बंगालमध्ये इंग्रजांनी केलेली मृत्युपत्रं पाहिली, तर साधारण दर तिसऱ्यात एखादी देशी ‘बिबी’ भेटते. तिच्यासाठी पैसे ठेवलेले असतात, कुठे घर. पुष्कळदा तिचं नाव मात्र लिहिलेलं नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तीही मृत्युपत्रांतून जवळजवळ नाहीशी झाली. मडमा आल्या, म्हणून हे घडलं असं सांगतात. मला ते पटत नाही. दार त्याआधीच ईस्ट इंडिया कंपनीने लावून घेतलं होतं.

याच कंपनीने सतराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या गोऱ्या शिपायांना देशी बायका करायला उत्तेजन दिलं होतं. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येक मुलामागे आईला एक होन. शंभर वर्षांनी, १७९१ मध्ये, अशाच मुलांना कंपनीची नोकरी बंद झाली. १७९५ मध्ये फौजेतही त्यांना जागा उरली ती वाजंत्र्याची, नाहीतर नालबंदाची. राज्य वाढत होतं, मोठ्या पगाराच्या जागा विलायतेतल्या मुलांसाठी राखायच्या होत्या.

स्कॉटिश बाप आणि रजपूत आई यांचा मुलगा जेम्स स्किनर याच बंदीमुळे शिंद्यांच्या फौजेत गेला. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटताच तिथूनही त्याला निघावं लागलं, कारण आता तो इंग्रज ठरला! दोन्ही बाजूंनी परका ठरवला गेलेला हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

हैदराबादचा रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक याने निजामाच्या दरबाराशी नातं असलेल्या खैरुन्निसाशी मुसलमानी रीतीने लग्न केलं. गव्हर्नर जनरल वेलस्लीने त्याची चौकशी लावली. १८०५ मध्ये दोन्ही मुलं विलायतेला पाठवली गेली, तिथे त्यांना ख्रिस्ती नावं मिळाली. त्याच वर्षी कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला. खैरुन्निसाला मुलं पुन्हा दिसली नाहीत; १८१३ मध्ये तीही गेली, तिशीही न गाठता.

त्या दोघांतली मुलगी साहिब बेगम, तिची आता किटी झाली होती. लग्न झालं, मुलंबाळं झाली. १८४० च्या सुमारास हैदराबादेत आजी शरफुन्निसा अजून हयात असल्याचं तिला कळलं. मग पत्रं सुरू झाली. नात इंग्रजीत लिही, आजी फारसीत लिहवून घेई, आणि प्रत्येक पत्राचा मजकूर पोहोचवायला मध्ये दुभाषा लागे.