शब्दाचे स्थान आणि शोधाचे सूत्र

एखाद्या ग्रंथाची शब्दसूची सिद्ध करताना शब्द त्यात आहे एवढे कळून भागत नाही; तो नेमका कोठे आहे, हेही सांगावे लागते. संगणक हे कार्य ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ नामक सूत्राने करतो. या कल्पनेचे गणिती विवेचन स्टीफन क्लेनी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले.

‘करुणाकर’ हा शब्द घेऊ. आपल्या दृष्टीने त्यात पाच अक्षरे आहेत. युनिकोडमध्ये मात्र क, र, उकार, ण, काना, क, र अशी सात चिन्हे होतात. गणना शून्यापासून धरल्यास ‘कर’ची स्थाने ० आणि ५ अशी मिळतात. पैकी पहिले फसवे होय; तेथे ‘करु’ असून यंत्राने ‘रु’चा उकार तोडलेला असतो. ‘र’नंतर स्वरचिन्ह वा हलन्तचिन्ह नसावे, अशी अट सूत्रात घातली की ५ हेच स्थान उरते. हैदराबादेत आपल्या शेजारी नांदणाऱ्या तेलुगू लिपीतही हा शब्द असाच सात चिन्हांचा होतो.

ही अट विसरल्यास सूची सदोष होते आणि तिच्यावर विसंबणारा विद्यार्थी भलत्याच ओळीवर जातो. यंत्र शोधते वेगाने. अक्षर कोठे संपते, हे त्यास सांगण्याचे दायित्व मात्र भाषा जाणणाऱ्याचेच आहे.