पुणे एक्स, सांगली वाय, सातारा झेड

कुठल्या शहरात राहायला किती पैसे लागतात, याची एक यादी केंद्र सरकार फार पूर्वीपासून बाळगून आहे. कर्मचाऱ्यांना घरभाडे भत्ता किती द्यायचा, हे तिच्यावरून ठरतं. पन्नास लाखांच्या वर वस्ती असेल तर शहर एक्स, पाच ते पन्नास लाख असेल तर वाय आणि बाकी सगळी झेड. मुंबई-पुणे एक्समध्ये, सांगली वायमध्ये, सातारा झेडमध्ये. 2024 पासून या भत्त्याचे दर मूळ पगाराच्या 30, 20 आणि 10 टक्के आहेत. पन्नास हजार मूळ पगार असलेल्याला पुण्यात 15 हजार मिळतात, सांगलीत 10 आणि साताऱ्यात 5.

सांगली वायमध्ये बसते तीही जेमतेम. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून 1998 मध्ये एक महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत या तिघांची एकत्र लोकसंख्या पाच लाखांच्या किंचित वर भरली. सातारा नगरपालिका तेव्हा एक लाख वीस हजारांच्या घरात होती.

सरकारी नोकराची बदली झाली की भत्ताही बदलतो. पुण्याच्या हिंजवडीतल्या कंपनीचं काम साताऱ्याच्या शाहूपुरीत बसून करणाऱ्याचा पगार मात्र बहुतेक वेळा आहे तिथेच राहतो. टाळेबंदीत गावी आलेले अनेकजण म्हणूनच परत जायला नाखूश होते. पगार पुण्याचा, खर्च साताऱ्याचा!

तरी पुणं सोडायचं का, आणि सोडलं तर सातारा की सांगली, हा हिशेब जरा सावकाश मांडावा. मोबाईलचं रिचार्ज, लॅपटॉप, पेट्रोल, गॅसचं सिलिंडर यांचे भाव शहर बघून फारसे हलत नाहीत. वीज पुण्यालाही महावितरणची आणि सांगलीलाही, दर एकच. खरी बचत होते ती घरभाड्यात, रोजच्या जाण्यायेण्यात आणि बाहेरच्या जेवणात. ज्याचं गावात स्वतःचं घर आहे त्याचं भाडं शून्यावर येतं, आणि असे लोक बरेच आहेत.

या दोन जिल्ह्यांना बाहेरचा पैसा नवा नाही. साताऱ्याच्या माणसाने मुंबईत गिरणीत आणि गोदीत घाम गाळायचा आणि मनीऑर्डर गावी धाडायची, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले सोनं-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यापायी देशभर पांगले आणि बंगले मात्र गावी बांधत राहिले. मिरजेच्या सतारमेकर गल्लीची गोष्ट आणखी वेगळी. तिथले कारागीर घरीच बसून सतारी आणि तंबोरे घडवतात आणि गिऱ्हाईक देशभर असतं. 2024 मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. घरून काम म्हणजे काय, हे या गल्लीला कुणी शिकवायला नको.

पण अनेक कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना पुन्हा कचेरीत बोलावलं आहे. टीसीएसने ऑक्टोबर 2023 पासून आठवड्याचे पाचही दिवस हजेरी मागितली. कुठे दोन दिवस, कुठे तीन, कुठे महिन्यातून एकदा. त्यामुळे भाड्यापेक्षा आधी अंतर विचारावं लागतं. सातारा पुण्यापासून एकशे दहा-पंधरा किलोमीटर. सकाळी स्वारगेटच्या एसटीत बसून संध्याकाळी घरी परतता येतं, वाटेतल्या खंबाटकी घाटाने कृपा केली तर. सांगली त्याच्या दुपटीने लांब, म्हणजे मुक्कामाची तयारी हवी. सप्टेंबर 2024 पासून पुण्याहून कोल्हापूर आणि हुबळीकडे जाणाऱ्या वंदे भारत गाड्या दोन्ही गावांना थांबतात, पण त्या रोज धावत नाहीत, आणि साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला.

हवेचा कौल साताऱ्याकडे. गाव सुमारे सातशे मीटर उंचीवर, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. कास पठार पंचवीसेक किलोमीटरवर आणि गावाला पाणी देणारा कासचा तलावही तिकडेच. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि एसीचं बिल भाड्यातली बचत खायला लागतं. कासच्या फुलांच्या हंगामात मात्र शनिवार-रविवारी यवतेश्वराच्या घाटात गाड्यांची रांग लागते, तेव्हा सातारकर घरीच बसलेला बरा.

औषधपाण्यात सांगली-मिरज पुढे, हे साताऱ्याच्या अभिमानी माणसालाही कबूल करावं लागेल. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 1962 पासून आहे. कोकणातून आणि उत्तर कर्नाटकातून रुग्ण इथे येतात. साताऱ्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय अगदी अलीकडचं. घरात वयस्कर आई-वडील असतील तर हा मुद्दा भाड्याच्या कितीतरी वर आहे. वर नाटकाचा नाद असेल तर विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ केलं ते सांगलीतच. इथले रस्ते सपाट, सायकलला सोयीचे. साताऱ्यात मात्र सायकल चालवायची तर मांड्यांत दम हवा.

मग सांगली निवडावी? इथे कृष्णा आडवी येते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सांगलीला साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. पण सातारा जिल्ह्यातला तो पाऊस कोयनेतून आणि कृष्णेतून कऱ्हाडच्या संगमावर एकत्र येतो आणि खाली सांगलीत शिरतो. वारणा हरिपूरला येऊन मिळते, तिला फुगवटा आला की पाणी ओसरायलाही वेळ लागतो. 1929 च्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्याआधी 2005 आणि त्यानंतर 2021, असे तीन मोठे पूर सोळा वर्षांत.

मारुती चौक, एसटी स्टँडचा परिसर, शामरावनगर, सांगलीवाडी इथे घर स्वस्त मिळालं म्हणून हुरळून जाऊ नये. वाय-फाय आणि इन्व्हर्टर दोन्ही उत्तम असले तरी गुडघाभर पाण्यात मीटिंग होत नाही.

न्यूयॉर्कला शंभर गुण धरून जगभरच्या शहरांची महागाई मोजणाऱ्या याद्या इंटरनेटवर आहेत. केंद्राच्या 2018 च्या राहणीमान निर्देशांकात 111 शहरांत पुणे पहिलं आलं होतं. पण यातल्या कुठल्याच आकड्यावरून पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढतं ते कळत नाही.

आठवड्यातून एकदा-दोनदा पुण्यात तोंड दाखवायचं असेल त्याने सातारा धरावा, भत्त्याच्या यादीत तो झेड असला तरी. महिन्यातून एकदाच बोलावणं येत असेल आणि घरात औषधांचा डबा भरलेला असेल, तर सांगली-मिरज बरी, फक्त मिरजेच्या बाजूला सरकून घर बघावं. डिपॉझिट देण्याआधी घरमालकाला नाही, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारावं, एकोणीसला इथे पाणी कुठवर आलं होतं?